फुकट डाउनलोड केलेली चित्रं आणि धंद्याची वेबसाइट: लायसन्समध्ये नेमकं काय लिहिलेलं असतं?

कातळफूल

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत बसून छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवतो. होमस्टे, आंबा-काजूवाले, एखादा क्लास. दोन वर्षांपूर्वी गुहागरकडच्या एका मावशींच्या होमस्टेची साइट केली. चार खोल्या, घरगुती जेवण, मागे नारळी-पोफळीची वाडी. पहिल्या पानावर मोठा फोटो हवा होता आणि मावशींकडे होते ते सगळे फोनवर काढलेले, अंधारे. मी गुगलवर शोधताना मागे 'फ्री' जोडलं. वॉलपेपरच्या कुठल्याशा साइटवर संध्याकाळच्या समुद्राचा फोटो मिळाला, खाली 'फ्री डाउनलोड'चं हिरवं बटण. घेतला आणि लावला.

गेल्या आठवड्यात मावशींना परदेशातल्या एका कंपनीचा मेल आला. फोटो आमच्या अशिलाचा आहे, परवानगीशिवाय वापरलात, पंधरा दिवसांत ५२,००० रुपये भरा. सोबत पानाचा स्क्रीनशॉट. मावशींनी मला फोन केला आणि पहिलं वाक्य हे होतं: "अरे, आपण चोरी केली का रे?"

तेव्हापासून झोप नाही. फोटो त्याच रात्री काढला. पण मला खरोखर समजून घ्यायचं आहे. 'फ्री' लिहिलेलं होतं, तर मग चुकलं कुठे? मी केलेल्या आणखी सोळा साइट आहेत. त्या सगळ्यांत अशीच चित्रं, आयकॉन, फॉन्ट आहेत. कोणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी सगळं वाचेन.

घाटमाथा

कातळफूल, आधी एक काम करा. तो फोटो गुगल लेन्स आणि टिनआय या दोन्हींत टाकून मूळ कुठला आहे ते शोधा. वॉलपेपरच्या साइटला तो फोटो वाटायचा अधिकार मुळात होता का, हा प्रश्न आहे. बहुतेक वेळा नसतो. कुणाच्या तरी पानावरून उचललेला असतो आणि त्यांचं 'फ्री' म्हणजे एवढंच, की बटण दाबलं तर ते पैसे मागत नाहीत. ज्याच्या हातात हक्कच नाही तो तुम्हाला परवानगी कुठून देणार?

मूळ सापडलं की तीन गोष्टी कळवा: फोटो कोणाचा, कुठलं लायसन्स, आणि लायसन्सची आवृत्ती कुठली. आवृत्तीचा आकडा फार महत्त्वाचा आहे, तो विसरू नका.

मी फोटोग्राफर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूचंही सांगते. राजमाचीच्या काजव्यांचे माझे काही फोटो मी क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार, मोकळ्या लायसन्सखाली ठेवलेत. कोणीही वापरावेत, धंद्यासाठीसुद्धा, फक्त नाव द्यावं. पावसाआधीच्या त्या दोनतीन आठवड्यांसाठी मी किती रात्री अंधारात बसून काढल्यात ते माझं मला माहीत. मागच्या वर्षी एका टूरवाल्याच्या साइटवर माझा फोटो दिसला. कोपऱ्यातलं माझं नाव नीट कापून टाकलेलं आणि त्याजागी त्यांचा लोगो. पैसे मागितले नव्हतेच हो मी. एक ओळ लिहायची होती फक्त. तो फोटो बघून पोटात तुटलं.

कातळफूल

ताई, सापडला. मूळ फोटो फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटवर आहे, २०११ साली टाकलेला, आणि खाली सीसी बाय-एसए २.० असं लायसन्स दिसतंय. म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच ना? मग वापरायला परवानगी आहेच, असं मी कंपनीला कळवू का?

घाटमाथा

थांबा, अजून काही कळवू नका. परवानगी आहे, पण अटींवर आहे आणि त्या अटी तुमच्याकडून पाळल्या गेल्या नाहीत. जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ ची, पहिली लायसन्स डिसेंबर २००२ मध्ये आली. आज सहा प्रकार आहेत आणि ते चार तुकड्यांच्या जोडणीतून बनतात. 'बाय' म्हणजे श्रेय द्या. हा तुकडा सहाही प्रकारांत आहे. 'एसए' म्हणजे चित्रात फेरफार करून नवं काही बनवलंत तर तेही याच लायसन्सखाली मोकळं ठेवा. 'एनडी' म्हणजे फेरफार केलेलं चित्र प्रसिद्ध करू नका; त्यावर मजकूर चढवणं, दुसऱ्या चित्रात मिसळणं बंद. 'एनसी' म्हणजे व्यापारी उपयोग नको. तेव्हा धंद्याच्या साइटसाठी चाळणी सोपी आहे: नावात एनसी दिसलं की ते चित्र सोडून द्यायचं. एनडी दिसलं तर जसंच्या तसं लावता येत असेल तरच घ्यायचं.

सीसी झिरो या सहांत धरत नाहीत. ते २००९ मध्ये आलं. त्यात निर्माता आपले हक्क जवळजवळ सगळे सोडून देतो आणि श्रेयाचीही अट नसते.

एनसीबद्दल एक गैरसमज आहे. वापरणारा कोण आहे यापेक्षा वापर कशासाठी आहे ते बघतात. लायसन्सचे शब्द असे आहेत की वापराचा मुख्य हेतू व्यापारी फायदा किंवा आर्थिक मोबदला हा नसावा. होमस्टेचं पान लोकांनी खोल्या आरक्षित कराव्यात म्हणूनच असतं. मावशींचा धंदा चार खोल्यांचा आहे म्हणून ते बिगरव्यापारी होत नाही.

तुमच्या फोटोत एनसी नाही, म्हणजे धंद्यासाठी चालला असता. चुकलं ते श्रेयात. फोटोग्राफरचं नाव, लायसन्सचं नाव आणि त्याचा दुवा, मूळ फोटोचा दुवा, आणि फेरफार केला असल्यास तसा उल्लेख. २.० मध्ये फोटोला शीर्षक असेल तर तेही लागतं, ४.० मध्ये शीर्षकाची सक्ती काढली.

आता आवृत्ती का विचारली ते. ४.० ही नोव्हेंबर २०१३ ची. त्यात सोय आहे की अट मोडली तर परवानगी रद्द होते, पण चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारलीत तर ती आपोआप परत मिळते. २.० आणि ३.० मध्ये ही सोय नाही. अट मोडली की परवानगी संपली. फ्लिकरवर वर्षानुवर्षं २.० च होती, त्यामुळे जुने फोटो त्यातच अडकलेत. आणि काही मंडळी नेमकी याच फटीवर धंदा करतात: फोटो मोकळे सोडायचे, श्रेय चुकवणारे शोधायचे, रकमा मागायच्या. मला याची चीड येते, कारण त्यामुळे माझ्यासारख्यांनी मनापासून मोकळे ठेवलेले फोटोसुद्धा लोक घाबरून वापरत नाहीत.

तुमच्या उपयोगाची एक गोष्ट: प्रामाणिकपणे चुकलेल्याला दुरुस्तीची संधी द्यायला हवी, असं फ्लिकरने २०२२ मध्ये आपल्या नियमांत घातलं आहे आणि तशी संधी न देणाऱ्याचं खातं काढलं जाऊ शकतं. फोटोग्राफरशी थेट बोलताना हे नम्रपणे दाखवता येईल.

कलम बावन्न

वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडं. हा सल्ला म्हणून धरू नका. कागद बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती आहे आणि हक्क काढल्याक्षणी निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, © चिन्हही लागत नाही. परदेशी फोटोग्राफरलाही हे संरक्षण भारतात मिळतं, कारण देशांनी एकमेकांच्या निर्मात्यांचे हक्क मानायचे, अशा बर्न करारात आपण आहोत. कलम ५२ मध्ये अपवाद आहेत: खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. होमस्टेच्या पहिल्या पानावरचा सजावटीचा फोटो यातल्या कुठल्याच खिडकीतून आत येत नाही. 'श्रेय दिलं की झालं' हेही खरं नाही. परवानगी नसलेल्या फोटोखाली नाव लिहिलं तरी परवानगी येत नाही.

माहीत नव्हतं, हा बचाव अर्धवट चालतो. कलम ५५ म्हणतं, की या कलाकृतीवर कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं, हे तुम्ही सिद्ध केलंत तर मनाई हुकूम आणि झालेला नफा किंवा त्याचा काही भाग एवढंच द्यावं लागू शकतं. पण इंटरनेटवरच्या फोटोला कोणी मालक असेल असं वाटलंच नाही, हे न्यायाधीशाच्या गळी उतरवणं कठीण आहे. फौजदारी कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी आहे. त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. मावशींच्या प्रकरणात हे लागू होईल असं मला दिसत नाही. पण 'काय होतंय' म्हणणाऱ्यांनी वाचून ठेवावं.

मेलबद्दल. कचऱ्यात टाकू नका. लगेच पैसे भरू नका. कबुलीजबाब लिहू नका. दोनचार ओळींत विचारा: फोटोग्राफर कोण, त्याने तुम्हाला अधिकार दिल्याचा कागद कुठे, फोटो कधी प्रसिद्ध झाला, रक्कम कशावरून काढली. हे विचारणं तुमचा हक्क आहे. अशा मागण्या चुकीच्याही असतात. अमेरिकेतल्या फोटोग्राफर कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, लोकांनी मुक्तपणे वापरावेत म्हणून. त्यांच्याच संस्थेच्या साइटवरच्या त्यांच्याच फोटोसाठी त्यांना १२० डॉलर भरा असं पत्र आलं. त्यांनी २०१६ मध्ये ते फोटो विकणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला, पण कॉपीराइटचे मुद्दे कोर्टाने फेटाळले. हक्क सोडून दिलेल्या फोटोच्या प्रती कोणी विकत असेल तर मूळ फोटोग्राफरही अडवू शकत नाही. आपल्याकडेही कलम २१ खाली लेखक-कलाकाराला असे हक्क जाहीरपणे सोडता येतात. सोडण्याआधी प्रत्येकाने हायस्मिथ बाईंची गोष्ट आठवावी.

ऱ्हाइनकाठी

मी कलोनला असतो, एका जाहिरात संस्थेत काम करतो. इथे वकिलाची नोटीस येणं हा रोजचा प्रकार आहे, जर्मनीत त्याला आबमानुंग म्हणतात आणि नोटिशीचा खर्चही तुमच्याच माथी येतो. त्यामुळे आमच्याकडे फोटोची नोंदवही पगारपत्रकाइतकी नीट ठेवतात.

याच गावच्या वरिष्ठ न्यायालयात २०१४ मध्ये एक निकाल लागला. डॉइचलांडरेडिओने एनसी फोटो आपल्या संकेतस्थळावर लावला होता. खालच्या कोर्टाने म्हटलं, बिगरव्यापारी म्हणजे फक्त खाजगी. वरच्या कोर्टाने ते मानलं नाही. सार्वजनिक रेडिओचा तो वापर एनसीत बसतो म्हणाले. पण रेडिओवाल्यांनी फोटो कापताना कडेचं फोटोग्राफरचं नाव गेलं होतं, आणि त्या मुद्द्यावर ते हरले. घाटमाथा यांच्या काजव्यांची हकीकत वाचून हाच निकाल आठवला. लोक 'व्यापारी की बिगरव्यापारी' यावर तासन्‌तास वाद घालतात आणि पाय घसरतो तो कात्री चालवताना.

एसएबद्दलची भीतीही घालवतो. एसए फोटो लावला तर अख्खी साइट मोकळी करावी लागेल का, असं मला प्रत्येक नवीन माणूस विचारतो. नाही. मजकुराशेजारी फोटो ठेवला तर तो संग्रह झाला. अमेरिकेत २०१५ मध्ये नकाशांच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फ्लिकरचा बाय-एसए २.० फोटो छापला म्हणून फोटोग्राफर कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, फोटो मुखपृष्ठावर लावल्याने नकाशांचं पुस्तक त्या फोटोचं रूपांतर होत नाही, आणि मागच्या पानावर दिलेलं श्रेयही पुरेसं आहे. मात्र त्याच फोटोत रंग बदलून, दुसरं चित्र मिसळून बॅनर बनवलात तर तो बॅनर एसएखाली येतो. तुमच्या स्पर्धकाने तो उचलला तर तुम्हाला तक्रार करता येणार नाही, एवढं धरून चला.

पाटपाणी

मी नवीनच साइट बनवायला शिकतेय. हे सगळं वाचून धडकी भरली. मग फुकट फोटो देणाऱ्या अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या साइट तरी बिनधास्त वापरायच्या ना? तिथे तर श्रेयही मागत नाहीत. आणि आयकॉन, फॉन्टचं काय?

शाईदौत

पाटपाणी, घाबरू नका, या तीन साइट नवशिक्यासाठी चांगल्या आहेत. पण त्यांचं लायसन्स सीसी झिरो आहे असं जुन्या लेखांत वाचाल, ते आता खरं नाही. अनस्प्लॅशने २०१७ च्या जूनमध्ये सीसी झिरो सोडून स्वतःचं लायसन्स आणलं, पिक्साबेने २०१९ च्या जानेवारीत. व्यापारी साइटवर फोटो लावायला आजही हरकत नाही. बंदी आहे ती फोटो जसाच्या तसा विकण्यावर, आणि अनस्प्लॅशच्या बाबतीत ते गोळा करून तशीच दुसरी साइट काढण्यावर. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक उद्या म्हणालं, 'हाच फोटो फ्रेममध्ये छापून विकू', तर थांबवा.

माझी सवय सांगतो. फोटो घेताना त्या पानाचा आणि लायसन्सच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढतो आणि फाइलशेजारीच ठेवतो. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर पानही साठवतो. नियम बदलतात, फोटो काढून टाकले जातात, साइट विकल्या जातात. अनस्प्लॅश २०२१ मध्ये फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेस या कंपनीकडे गेलं. तीन वर्षांनी कोणी विचारलं तर 'तेव्हा असं होतं' हे दाखवायला कागद पाहिजे.

दुसरं म्हणजे फोटोतली माणसं. फोटोग्राफरने त्याचा हक्क दिला, त्या माणसाने नाही दिला. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइल ऑस्ट्रेलियाने फ्लिकरवरचा एका टेक्ससच्या शाळकरी मुलीचा फोटो जाहिरातीत लावला. लायसन्स सीसी बाय होतं, धंद्यासाठी चालणारं. पण मुलीला कोणी विचारलंच नव्हतं आणि जाहिरातीचा मजकूर तिची टर उडवणारा. तिच्या घरच्यांनी अमेरिकेत दावा केला. ऑस्ट्रेलियन कंपनीवर तिथल्या कोर्टाचा अधिकार चालत नाही म्हणून तो २००९ मध्ये निकाली निघाला. कायद्याने काही ठरलं नाही, पण त्या मुलीचं काय झालं असेल याचा विचार करा. म्हणून दवाखान्याच्या, विम्याच्या, कर्जाच्या साइटवर मी ओळखू येणारा चेहरा फुकट संग्रहातून कधीच घेत नाही. कुणाच्या तरी आईला मधुमेहाची रोगी बनवून टाकतो आपण.

आयकॉन. फ्लॅटआयकॉन आणि फ्रीपिक फुकट देतात ते श्रेयाच्या अटीवर. अट नको असेल तर पैसे भरायचे. तळाला दुव्यासह एक ओळ लिहिली की झालं, पण ती ओळ गिऱ्हाईक काढायला सांगतं आणि आपण काढतो. त्यातलं चित्र लोगो म्हणून वापरायला मनाई आहे. कोणत्याच तयार आयकॉनचा लोगो करू नका. तोच आयकॉन उद्या शेजारचा दुकानदारही घेईल आणि ट्रेडमार्क नोंदवताना तुमच्याकडे स्वतःचं असं काही नसेल. अट नकोच असेल तर बूटस्ट्रॅप आयकॉन आहेत, एमआयटी लायसन्सचे. फॉन्ट ऑसमच्या फुकट संचात आयकॉन सीसी बाय ४.० खाली येतात, पण श्रेय फाइलमध्येच टिपणी म्हणून लिहिलेलं असतं. ती टिपणी पुसू नका म्हणजे झालं. फाइल लहान करणारी अवजारं ती खाऊन टाकतात, तेवढं तपासा.

फॉन्टवर तर मी तासभर बोलू शकतो. मराठीसाठी आज चांगले दिवस आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट, शिवाय नोटो सान्स देवनागरी, हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. धंद्याच्या साइटवर लावा, पत्रकावर छापा, लोगोत वापरा. फक्त फॉन्टची फाइल एकटी विकायची नाही, आणि बदल करून पुन्हा वाटलात तर फॉन्टचं राखीव ठेवलेलं मूळ नाव वापरायचं नाही. याउलट, छपाईच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेला फॉन्ट वेबसाइटवर चढवू नका. तो विकत घेतलेला असला तरी बऱ्याचदा एका संगणकापुरताच असतो, वेबसाठी वेगळं लायसन्स लागतं. आपल्याकडचे अक्षरकार आधीच मूठभर आहेत हो.

तयार टेम्प्लेट घेत असाल तर आणखी एक. नमुन्यात दिसणारे फोटो टेम्प्लेटबरोबर मिळतातच असं नाही. लायसन्सच्या फाइलमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एचटीएमएल५ अप या साइटची टेम्प्लेट सीसी बाय ३.० आहेत, तळाचं श्रेय काढायचं नाही.

मळ्यातली वाट

सगळ्यांचा मान राखून वेगळं बोलतो. माझा गुळाचा धंदा आहे. सकाळी चारला गुऱ्हाळ सुरू होतं. आम्ही लायसन्स कधी वाचायचं? तेही इंग्रजीत, वकिली भाषेत. सगळं जग गुगलवरून फोटो उचलतंय, आणि पकडायचं ते चार खोल्यांच्या मावशींना? मोठ्यांना कोणी विचारत नाही. मला हा न्याय वाटत नाही.

घाटमाथा

दादा, तुमचा राग पटतो. ५२,००० ही मावशींच्या हंगामातली मोठी रक्कम आहे आणि ती मागणाऱ्याला आपला आकडा कुणाच्या घरात काय करतो याचं काही नाही. पण तुमच्या गुऱ्हाळाचा फोटो कोणी उचलून स्वतःच्या रसायनवाल्या गुळाच्या पाकिटावर छापला, तर? तुमचं घामाचं काम, त्याचं नाव. तेव्हा तुम्हाला हाच कायदा लागेल. आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं प्रत्येक लायसन्स साध्या शब्दांतल्या एका पानावर थोडक्यातही दिलेलं असतं, ते दोन मिनिटांत वाचून होतं. तुमच्याकडे स्वतःचं गुऱ्हाळ आहे, काहिलीतून वाफ निघते आहे, यापेक्षा चांगला फोटो कुठल्या संग्रहात मिळणार?

जुने दिवाळी अंक

इतका वेळ नुसता वाचत होतो. चित्रांचा शौक आहे, म्हणून लिहितो.

मराठी साइटवाल्यांना पाश्चात्त्य समुद्रकिनारेच का लागतात, कळत नाही. आपल्याकडची हक्कमुक्त चित्रं किती आहेत! आपल्या कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, म्हणजे २००४ संपलं तेव्हा त्यांची चित्रं मोकळी झाली. धुरंधरांनी काढलेल्या मुंबईच्या बायकामाणसांची पोस्टकार्डं बघा, पैठणी-दागिन्यांच्या साइटला याहून देखणं काय हवं?

पण इथेच पाय घसरतो, म्हणून सांगतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं 'जुनी' म्हणून सर्रास उचलली जातात. दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. हिशेब करा: दलालांची चित्रं २०३१ च्या अखेरपर्यंत आणि मुळगावकरांची २०३६ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अंक रद्दीत मिळाला म्हणजे चित्राचा हक्क मिळाला असं नाही. दलालांची मुखपृष्ठं जपून ठेवलेला माणूस आहे मी. ती मिठाईच्या जाहिरातीत नावाशिवाय दिसली की बरं वाटत नाही.

दुसरं, कातळफूल, तुमच्या साइटींपैकी एखादी गडकिल्ल्यांच्या सहलींची असेल, तर नीट वाचा. छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र कितीही जुनं, हक्कमुक्त असलं तरी धंद्यासाठी वापरायला १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आड येतो. त्याच्या परिशिष्टात महाराजांचं आणि महात्मा गांधींचं नाव आणि चित्र स्पष्ट घातलेलं आहे. व्यापारासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. हे कॉपीराइटपेक्षा वेगळं आहे, म्हणून लायसन्स कितीही वाचलं तरी तिथे दिसणार नाही.

पाटपाणी

काका, हे तर कुठेच वाचलं नव्हतं. आणि गावातल्या पुतळ्याचा, देवळाचा मी स्वतः काढलेला फोटो?

कलम बावन्न

सार्वजनिक जागी कायम उभं असलेलं शिल्प आणि इमारत यांचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कलम ५२ मध्येच मोकळीक आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ती नाही, ते सपाट चित्र आहे. आजकाल गावोगावच्या भिंती रंगवतात आणि त्यांचे फोटो हॉटेलांच्या साइटवर जातात. तिथे चित्रकाराला विचारा.

आणि स्वतःचे फोटो काढून घेणाऱ्यांसाठी: पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतलेत तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा असतो, कलम १७. फुकटात, प्रेमाखातर कोणी काढून दिले तर मालक तो काढणाराच राहतो. त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या, आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. वेबसाइट तर जगभर दिसते. दोन ओळींचं काम आहे, पण या दोन ओळी मी सांगूनही कोणी लिहीत नाही.

कातळफूल

मंडळी, महिन्याभराने येतोय. काय झालं ते सांगायला हवं.

कलम बावन्न यांनी सांगितलं तसं कंपनीला विचारलं. त्यांनी अधिकारपत्र पाठवलं, ते खरं होतं. मग फ्लिकरवरून फोटोग्राफरला स्वतः लिहिलं. जे झालं ते सरळ सांगितलं: वॉलपेपरच्या साइटवरून घेतला, मूळ शोधायची तसदी घेतली नाही, होमस्टे कोणाचा आहे, फोटो काढून टाकला आहे. फ्लिकरच्या नियमाचा दुवाही दिला. सहा दिवस उत्तर नाही. मग दोन ओळी आल्या, की त्यांना भारतातल्या लहान व्यावसायिकांना त्रास द्यायचा नव्हता, कंपनी आपोआप शोधते. शेवटी ८,००० रुपयांवर मिटलं, आणि प्रकरण संपल्याचं लेखी घेतलं. पैसे मी भरले. चूक माझी होती, मावशींना एक पैसा लागू दिला नाही.

मग सतरा साइट एकेक करून तपासल्या. तीन रात्री गेल्या. बत्तीस फोटोंचं मूळच सापडेना, ते सगळे काढले. सात ठिकाणी फ्लॅटआयकॉनचं श्रेय नव्हतं, ते घातलं. एका क्लासच्या साइटवर एनसी चित्र निघालं. एका ट्रेकवाल्याच्या पानावर महाराजांचं चित्र होतं. त्याला फोन करून समजावलं, तो आधी चिडला, मग कायद्याचं पान पाठवल्यावर म्हणाला, काढ. आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक वही आहे: फाइल, मूळ पान, निर्माता, लायसन्स आणि आवृत्ती, घेतल्याची तारीख, स्क्रीनशॉट.

मावशींच्या पहिल्या पानावर आता त्यांचंच अंगण आहे. सकाळचं ऊन, सुपात वाळत घातलेली आमसुलं, मागे पोफळी. त्यांच्या पुतण्याने काढला, फुकट, म्हणून त्याच्याकडून कागद करून घेतला: वेबसाइटसाठी, जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी. तो हसत होता, काकूच्या साइटसाठी कसला कागद म्हणून. सही केली. तळाला त्याचं नाव लिहिलंय. ते बघून त्याने आणखी अकरा फोटो पाठवलेत.